मोटरच्या वायरीशेजारून नेटवर्क केबल नेताना

"आमच्या युनिटमधे इलेक्ट्रिशियनची वायरींची ट्रे अर्धी रिकामीच आहे, त्यातूनच कॅट-सिक्स नेटवर्क केबल टाकली तर चालेल ना, वेगळा पाईप कशाला?" हा प्रश्न मला सारखा येतो, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, साइटवर शिडीखाली उभं राहून, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. मी राहायला ठाण्यात, कामासाठी वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे हा सगळा पट्टा फिरतो, छोटे कारखाने, ऑफिसं, सोसायट्यांचे कॅमेरे असं सगळं करतो, आणि माझं ठाम मत आहे की नेटवर्क केबल कुठून जाणार हे केबल कुठली घ्यायची याच्या आधी ठरलं पाहिजे. आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं. शेठ तासभर कॅट-सिक्स घेऊ की कॅट-सिक्स-ए घेऊ यावर डोकं लावतात, तीन कोटेशन मागवतात, आणि रूट मात्र वायरमन शिडीवर चढल्यावर जिथे हात पोचेल तिथून ठरतो.

आधी एक भीती काढून टाकू. पंख्याची किंवा ट्यूबलाइटची साधी वायर नेटवर्क केबलच्या बाजूने चार फूट गेली म्हणून काही होत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, गिगाबिट इथरनेटचं काम चालतं मेगाहर्ट्झमधे, साधारण साठ-पासष्ट मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. शिवाय प्रत्येक पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, ५० हर्ट्झसारखं हळू चालणारं काही ते पलीकडे जवळजवळ जाऊच देत नाहीत. त्यामुळे घरातलं नेट स्लो झालं आणि कोणी लाइटच्या वायरीकडे बोट दाखवलं तर आधी क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला प्लग नीट दाबून बसवलाय का ते बघा, राउटर बघा, भिंत फोडायला घेऊ नका.

आणि केबलही काही बिचारी नसते. आतल्या आठ वायरी चार जोड्यांमधे पिळलेल्या असतात, हा पीळ टेलिफोनच्या लायनींसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली पेटंट केलेला, आणि आजही सगळा भरवसा त्याच्यावरच आहे. बाहेरून येणारा नॉइज, म्हणजे नको असलेला विजेचा गोंगाट, जोडीतल्या दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच बसतो, पलीकडचा रिसीव्हर दोन्ही वायरींमधला फक्त फरक वाचतो, त्यामुळे जे दोघींवर सारखं आहे ते आपोआप वजा होतं. दर पिळाला दोन वायरी जागा बदलतात म्हणून कुठलीच एक वायर कायम नॉइजच्या जास्त जवळ राहत नाही. चार जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळ्या मापाचा ठेवलेला असतो, केबल वीतभर सोलून जोड्या शेजारी शेजारी धरल्या तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, एक घट्ट एक सैल, ते जोड्यांनी एकमेकींचं ऐकू नये म्हणून. पण ही वजाबाकी कधीच शंभर टक्के होत नाही, थोडंसं उरतं, आणि वरची फ्रिक्वेन्सी असेल तर जास्त उरतं.

आता हे उरलेलं कधी नडतं ते बघा. त्रास देतात त्या झटक्यात चालू-बंद होणाऱ्या गोष्टी. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, सुटतो तेव्हा कॉइलमधून उसळणारा व्होल्टेज, टिग वेल्डिंगचा एचएफ स्टार्ट (ठिणगी पेटवायला दिलेला हाय फ्रिक्वेन्सीचा झटका), स्वस्तातले यूपीएस, आणि आपल्या एमआयडीसीत सगळ्यात जास्त भेटणारी गोष्ट म्हणजे ड्राइव्ह, व्हीएफडी, मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा. ड्राइव्ह काय करतो तर ४१५ व्होल्टचा थ्री फेज घेतो, त्याचा साधारण ५९० व्होल्ट डीसी करतो, आणि तो डीसी सेकंदाला काही हजार वेळा कापून मोटरला देतो. प्रत्येक काप म्हणजे एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यासारख्या वेळात पाचशे-सहाशे व्होल्टची उडी. उडी जितकी उभी तितका तिचा नॉइज वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत जातो, ०.१ मायक्रोसेकंदवाल्या उडीचा जोर तीनेक मेगाहर्ट्झपर्यंत चांगलाच टिकतो आणि त्याच्यावरही शेपूट असतंच, म्हणजे तो सरळ इथरनेटच्या हद्दीत शिरला. आता दुसरी बाजू. गिगाबिटमधे प्रत्येक जोडीवर पाच लेव्हल असतात, सगळ्या मिळून साधारण अधिक-उणे एक व्होल्टच्या आत, म्हणजे दोन लेव्हलमधे जेमतेम अर्धा व्होल्ट, तोही पाठवतानाचा. १०० मीटर जाईपर्यंत तो आणखी खंगतो, कॅट-फाइव्ह-ई च्या चॅनलला १०० मेगाहर्ट्झवर २४ डीबीपर्यंत घट मान्य आहे, म्हणजे व्होल्टेजचा सोळावा हिस्सा उरला तरी पास. एकीकडे ५९० व्होल्टच्या उड्या आणि दुसरीकडे काही मिलिव्होल्ट वाचायची धडपड, आणि आपण दोघांना एकाच ट्रेमधून गळ्यात गळा घालून चाळीस मीटर नेतो.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्राइव्हकडे येणारी वायर तेवढी वाईट नाही, ड्राइव्हकडून मोटरकडे जाणारी सगळ्यात वाईट. कापलेला व्होल्टेज तिच्यावरच असतो. आणि त्यातला काही करंट मोटरच्या बॉडीतून अर्थकडे झिरपतो आणि ट्रे, पत्रा, बिल्डिंगचं लोखंड, जिथून वाट मिळेल तिथून ड्राइव्हकडे परत यायला बघतो, म्हणून कधीकधी मोटर लांब असली तरी त्रास जवळ असतो.

रबाळेच्या एका पॅकिंग युनिटमधली केस सांगतो. लाइनच्या शेवटी लेबल प्रिंटरचा पीसी, तो ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या माल-हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून, सारखा बाहेर फेकला जायचा, लेबल अर्धवट छापली जायची, माल ट्रकपाशी अडकून. जेवणाच्या सुट्टीत कोणी टेस्ट केली की सगळं छान, स्पीड टेस्ट फुल्ल, पोर्टवर हिरवा दिवा. आधीच्या माणसाने नेटवर्क स्विच बदलला, मग पीसी बदलला, मग महागातली केबल आणून परत त्याच ट्रेमधून ओढली. मी गेलो तेव्हा आधी स्विचचं पेज उघडून त्या पोर्टचे सीआरसी एरर बघितले, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या फ्रेमचा, डेटाच्या तुकड्यांचा, आकडा. लाइन थांबलेली होती, आकडाही थांबलेला. ऑपरेटरला म्हटलं, दादा जरा कन्व्हेअर सुरू करा. ड्राइव्हची ती बारीक शिट्टीसारखी कुईई ऐकू आली, पट्टा हलला, आणि पेज रिफ्रेश केलं तर आकडा चारशेने वर. परत रिफ्रेश, आणखी वर. बंद करायला सांगितलं, आकडा तिथेच थांबला. शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते, ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे मशीन चालू असली की नेट बंद, आणि मी एवढे दिवस इंटरनेटवाल्याला शिव्या घालतोय."

ट्रेवर चढून बघितलं तर कॅट-सिक्स आणि मोटरची चार कोअरची वायर एकाच केबल टायमधे आवळलेली, दर फुटावर, अगदी सुबक. काम करणारे मामा तिथलेच, वीसेक वर्षांचे जुने इलेक्ट्रिशियन, ते म्हणाले, "अहो साहेब, ट्रे रिकामी होती, मला कोणी सांगितलंच नाही वेगळी न्यायची म्हणून." आणि ते शंभर टक्के खरं होतं, त्यांचं काम नीट होतं, सांगणाराच कोणी नव्हता. केबल आम्ही समोरच्या भिंतीने जीआय पाईपमधून फिरवली, मोटरची वायर एका जागी ओलांडावी लागली ती काटकोनात ओलांडली, आणि मामांनी ड्राइव्ह ते मोटर आर्मर्ड-स्क्रीनवाली, धातूचं वेष्टण असलेली केबल टाकून दोन्ही टोकांना ग्लँडमधे, केबल आवळून धरणाऱ्या धातूच्या बुचात, स्क्रीन गोल आवळून अर्थ केला. आकडा शून्यावर आला तो तिथेच राहिला. पीसी जुनाच परत लावला.

हिरव्या दिव्याला लोक फसतात ते का, तर इथरनेट खराब फ्रेम आली की गुपचूप टाकून देतं, तक्रार करत नाही. वरचं टीसीपी, डेटा पोचतोय ना हे बघणारं सॉफ्टवेअर, तो तुकडा परत पाठवतं, म्हणून थोडे एरर असले तर फक्त स्लो वाटतं, जास्त झाले की सॉफ्टवेअर कंटाळून कनेक्शन सोडतं. कॅमेऱ्यात मात्र लगेच कळतं, चित्रात चौकोन चौकोन पडतात.

किती लांब ठेवायचं हे सगळे विचारतात. मी अजूनही अमेरिकेच्या टीआयए-५६९ स्टँडर्डमधला जुना तक्ता डोक्यात ठेवून काम करतो कारण तो लक्षात राहतो. पॉवरची वायर उघडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीत, नेटवर्कही तसंच, तर त्या वायरीवरचा विजेचा भार २ केव्हीएच्या आत असला तर ५ इंच, २ ते ५ केव्हीएला १२ इंच, ५ केव्हीएच्या वर २४ इंच. नेटवर्क केबल अर्थ केलेल्या लोखंडी पाईपात असेल तर हेच अंतर निम्म्यावर येतं, अडीच, सहा आणि बारा. म्हणजे दीड टनाच्या एसीची वायर असेल तर वीतभर लांब ठेवली की झालं, पण दहा एचपीच्या मोटरची वायर असेल तर ती पाच केव्हीएच्या वर जाते, तिथे दोन फूट हवेत. ट्यूबलाइटपासून पाच इंच, फाल्स सीलिंगवर काम करणारी पोरं केबल सरळ फिटिंगवर टाकून मोकळी होतात ते करू नका. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून तर नेऊच नका, चार फूट तरी सोडा. हे आकडे साध्या पॉवर वायरींसाठी आहेत, ड्राइव्हच्या आउटपुटला मी त्याच्यापेक्षा जास्तच सोडतो, आणि जमत असेल तर भिंतच बदलतो.

पण अंतराइतकीच लांबी महत्त्वाची. दोन फूट लांबीपुरतं शेजारून जाणं आणि पन्नास मीटर शेजारून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, नॉइज लांबीबरोबर वाढत जातो. म्हणून कुठे जागा नसेलच तर तो अडचणीचा तुकडा छोटा करा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा, आणि बाकीचा सगळा रूट लांबून न्या. टोटल १०० मीटरची मर्यादा लक्षात ठेवून, म्हणजे ९० मीटर भिंतीतली आणि १० मीटर पॅच कॉर्डची.

आता शिल्डेड, म्हणजे आत फॉइलचं वेष्टण असलेल्या केबलबद्दल, दुकानात तिलाच एफटीपी म्हणतात. दुकानदार सांगतो "एफटीपी घ्या साहेब, काही होणार नाही", आणि लोक घेतात, आणि मग दोन्ही टोकांना साधा प्लास्टिकचा आरजे-फॉर्टीफाइव्ह मारतात. फॉइल कशालाच जोडलेली नाही, फॉइलला लागून असलेली ड्रेन वायर कापून फेकलेली. असं शिल्ड कामाचं तर नाहीच, उलट लांबलचक अँटेना. शिल्ड घ्यायचं असेल तर सगळं घ्यायला लागतं, मेटलचे जॅक, मेटलचं पॅच पॅनल, पॅनल रॅकला, रॅक अर्थला, आणि तो अर्थ खरा असला पाहिजे, नळाला किंवा खिडकीच्या ग्रिलला बांधलेली हिरवी वायर नको. फॉइल मेगाहर्ट्झच्या नॉइजला छान अडवते, पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय फील्डला ती पातळ अ‍ॅल्युमिनियम काही करत नाही, तिथे लोखंडी पाईपच कामी येतो. आणि दोन शेडना वेगवेगळे अर्थ पिट असतील तर फॉइल दोन्हीकडे जोडली की तिच्यातूनच करंट वाहायला लागतो, म्हणजे नॉइज आपण स्वतः आत आणला. वाईट अर्थिंगच्या जागी मी शिल्डेड सुचवतच नाही, चांगली यूटीपी, म्हणजे बिनशिल्डची केबल, चांगल्या रूटने नेतो.

आता जोडीचं एक, हे मला फार पोटतिडकीने सांगायचंय कारण निम्म्या केसेसमधे हेच निघतं. काही जण क्रिम्प करताना रंग ओळीने लावतात, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्हीकडे तेच. साडेतीनशेचा दिव्यांचा टेस्टर लावला की आठही दिवे ओळीने लागतात, पोरगं खूश, "ओके आहे सर". ओके नाहीये. तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी असते, चौथी-पाचवी दुसरी. वर सांगितलेल्या ओळीत तीनवर पांढरा-हिरवा गेला आणि सहावर निळा, म्हणजे सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांच्या वायरींवर बसला, पीळ असून नसल्यासारखा, वजाबाकी संपली. जोड्या एकमेकींतच बडबडतात आणि बाहेरचा नॉइजही मोकळा आत येतो. बरोबर क्रम म्हणजे पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आणि पंच करताना, म्हणजे सॉकेटमधे वायरी दाबून बसवताना, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, मी कितीतरी आय-ओ बॉक्स, भिंतीवरचे नेटवर्क सॉकेट, उघडलेत जिथे दोन-दोन इंच वायरी शेवयांसारख्या सुट्ट्या करून ठेवलेल्या असतात. सीसीए केबलचंही तसंच, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, रेझिस्टन्स जास्त, कॅमेऱ्याला पीओई, म्हणजे याच केबलमधून वीज, द्यायची तर आणखी वाईट, बॉक्सवर कॅट-सिक्स लिहिलेलं असलं तरी टोक ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी निघालं की परत करा.

सोसायट्यांची वेगळीच तऱ्हा. घोडबंदर रोडच्या टॉवर्समधे लो-व्होल्टेजचा वेगळा डक्ट असतो, पण तो केबल टीव्हीच्या आणि प्रत्येक इंटरनेट कंपनीच्या वायरींनी इतका कोंबलेला असतो की कॅमेरावाला सरळ इलेक्ट्रिकल डक्टमधून वर जातो, रायझिंग मेनच्या, म्हणजे वरपर्यंत जाणाऱ्या मुख्य विजेच्या, बसबारला लागून, वीस-बावीस मजले. बसबारच्या ५० हर्ट्झपेक्षा मला तिथे दुसरीच काळजी वाटते. घरात वापरतो त्या वायरीवर ११०० व्होल्ट ग्रेड छापलेलं असतं, नेटवर्क केबलचं इन्सुलेशन त्या लायकीचं नसतं, ते तेवढ्यासाठी बनवलेलंच नाही. डक्टमधे उंदीर असतातच. एका ठिकाणी दोन्ही कुरतडल्या गेल्या आणि एकमेकींना टेकल्या की २३० व्होल्ट थेट वॉचमनच्या केबिनमधल्या डीव्हीआरपर्यंत, आणि त्याचा हात माउसवर असतो. नॉइज राहू दे बाजूला, एवढ्या एका कारणासाठी तरी मेन्स आणि नेटवर्क एका पाईपात, एका पट्टीत, एका डक्टमधे टाकू नका, कमिटीने आग्रह धरला तरी नाही म्हणा. मी नाही म्हणतो, काम गेलं तर गेलं.

लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं पण विचारतात. लिफ्टची मोटर आजकाल ड्राइव्हवरच असते, आणि लिफ्टबरोबर हलणाऱ्या केबलच्या सोबत कॅट-सिक्स बांधली तर ती नॉइजही खाते आणि वाकून वाकून तुटतेही. शाफ्टच्या वर एक आणि केबिनच्या छतावर एक असा छोटा वायरलेस ब्रिज लावा, समोरासमोर दिसतात, मस्त चालतो. लिफ्ट कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊनच.

बाकी जिथे खरंच नाइलाज आहे, शॉपफ्लोअरच्या मधूनच जायचंय, इंडक्शन फर्नेसच्या बाजूने जायचंय, एका शेडमधून दुसऱ्या शेडमधे जायचंय, तिथे माझं उत्तर एकच, फायबर टाका. काचेत प्रकाश जातो, त्याला मोटर काय करणार. आपली ठाणे-वाशी लोकल २५ केव्हीच्या एसी तारेखाली पळते, अशा रुळांच्या कडेच्या तांब्याच्या टेलिफोन केबलमधे व्होल्टेज बसतो हे रेल्वेला पहिल्यापासून माहीत आहे, म्हणून रुळाशेजारून आज फायबर जाते. पूर्वी फायबर म्हटलं की लोक घाबरायचे, आता घराघरात ब्रॉडबँडसाठी स्प्लायसिंग करणारी पोरं गल्लीत मिळतात, सिंगल मोड केबल स्वस्त झालीय, दोन टोकांना एसएफपी किंवा मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशात आणि परत विजेत बदलणारं यंत्र, लावला की झालं. दोन शेडमधे फायबर असली की अर्थिंगच्या फरकाचं भांडणही मिटतं आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्ट जळायचे तेही थांबतं. फक्त दोन गोष्टी बघा. आर्मर्ड फायबर घेतली तर आतला स्टीलचा आर्मर वीज वाहतो, तो नीट अर्थ करा, नाहीतर पूर्ण बिनधातूची केबल घ्या. आणि फायबरमधून पीओई जात नाही, पलीकडे छोटा पीओई स्विच आणि त्याला चांगला सप्लाय द्यावा लागेल, तो सप्लाय त्या ड्राइव्हच्याच पॅनलमधून घेऊ नका.

नवीन युनिट होत असेल तर इलेक्ट्रिशियन ट्रेचं मार्किंग करतो त्या दिवशीच नेटवर्कवाल्याला साइटवर बोलवा, ड्रॉइंगवर ड्राइव्ह कुठे, मोटरच्या वायरी कुठून, हे लाल पेनने काढा, आणि दुसऱ्या भिंतीवर आमची एक छोटी ट्रे मागून घ्या. तेव्हा ती किरकोळ खर्चात होते, पीओपी आणि पेंट झाल्यावर तीच मागितली की सगळे आर्किटेक्टकडे बघायला लागतात.

आणि ज्यांचं आधीच एका ट्रेमधे गेलंय त्यांनी लगेच तोडफोड करू नका. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या पेजवर पोर्टचे सीआरसी किंवा एफसीएस एरर बघा, लिनक्सवर ईथटूल ही कमांड आहे, आकडे लिहून ठेवा, मग सगळ्या मशीन एक एक करून चालू करा, फुल लोडवर न्या, वेल्डिंग पण करून बघा, आणि परत आकडे बघा. ज्या मशीनला आकडा पळतो तेवढाच रूट हलवा. दिवसभर सगळं चालूनही शून्यावर राहिला तर ट्रेला हात लावू नका, मोटरच्या वायरीचा टाय तेवढा सोडून ती ट्रेच्या दुसऱ्या कडेला सरकवा, मधे अर्थ केलेली पत्र्याची पार्टिशन पट्टी टाका, आणि उरलेल्या पैशात रॅकचं अर्थिंग तपासून घ्या.